एकाच ‘लेझर’ शब्दाखाली दोन प्रोजेक्टर: फॉस्फर आणि आरजीबी

खोक्यावर नुसतं ‘लेझर’ छापलेलं असलं, तरी आतली यंत्रणा दोनपैकी कुठली, हे त्यावरून कळत नाही.

फॉस्फर प्रकारात लेझर फक्त निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. तो फॉस्फरचा, म्हणजे उजेड पडला की स्वतः उजळणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेल्या फिरत्या चकतीवर पडतो आणि फॉस्फर पिवळा उजेड देतो. त्या पिवळ्यातून लाल आणि हिरवा गाळून घेतात. म्हणजे पडद्यावरचा लाल हा लेझरचा नसतोच! पिवळ्यात लाल अंश तुटपुंजा, म्हणून तो रंग पुष्कळदा नारिंगीकडे झुकतो. कडक गाळणी लावली की लाल सुधारतो, पण उजेड घटतो. काही मॉडेलांत सिनेमा मोडवर चित्र मंदावतं ते यामुळे.

आरजीबी किंवा ‘ट्रिपल लेझर’मध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र लेझर असतात. रंग शुद्ध येतात. मात्र टीव्हीवरचे बरेचसे कार्यक्रम रेक. ७०९ या मर्यादित रंगपट्ट्यासाठी बनवलेले असतात; ते ‘व्हिव्हिड’ म्हणजे रंग भडक करणाऱ्या मोडवर लावले की माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसतात. मोड बदला, प्रोजेक्टर नव्हे.

आरजीबीची खरी अडचण म्हणजे स्पेकल, अर्थात चित्रावर चमचमणारा बारीक रवा. एकाच तरंगलांबीच्या सुसंगत लहरी पडद्याच्या खरखरीत पृष्ठभागावरून परततात, एकमेकींत मिसळतात आणि हे ठिपके उमटतात. जास्त गेनच्या (उजेड समोर जास्त परतवणाऱ्या) आणि एएलआर (खोलीतला इतर उजेड टाळणाऱ्या) पडद्यांवर ते अधिक जाणवतात, मॅट पांढऱ्यावर कमी. त्यामुळे आरजीबी घेताना पडदाही त्याच वेळी ठरवावा. तपासायला पूर्ण लाल चित्र लावा, दोन-तीन मीटरवर बसा आणि डोकं हळूच हलवा. रवा डोक्याबरोबर सरकला तर स्पेकल; जागचा हलला नाही तर पडद्याचा पोत किंवा धूळ.

आत काय आहे ते माहितीपत्रकात नसेल, तर जुनी सीडी कामी येते. अंधारात काळ्या चित्रावर एक बारीक पांढरी उभी रेघ लावा आणि पडद्यावरच्या रेघेचं प्रतिबिंब सीडीत पाहा. भिंगात मात्र डोकावू नका. तीन सुट्या रंगीत रेघा दिसल्या तर आरजीबी. निळी वेगळी आणि हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा दिसला तर फॉस्फर. सलग पट्ट्यावर एक ठळक लाल रेघ उठून दिसली, तर फॉस्फरला लाल लेझरची जोड दिलेली आहे.

वर्गात किंवा बैठकीच्या खोलीत तक्ते आणि अक्षरं दाखवायची असतील तर फॉस्फर पुरेसा आहे. आरजीबीसाठी जादा पैसे अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्याने मोजावेत. आयुष्य दोन्हींचं साधारण २०,००० तास सांगतात, पण तो बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ असतो. उष्णता दोघांनाही बाधते. फॉस्फर तापला की त्याचा उजेड घटतो, चकतीची मोटर झिजते. आरजीबीत लाल लेझर देणारा डायोड सर्वांत नाजूक. हवेच्या झरोक्यांसमोर जागा मोकळी ठेवा आणि मॉडेलला धुळीची जाळी असेल तर ती वेळच्या वेळी साफ करा.