अंगणातले पक्षी आणि तुमचा सुपरझूम कॅमेरा

आमच्या दुकानातून कॅमेरा घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात बहुतेकांचा फोन येतो: "पूर्ण झूम केला, पक्षी छान मोठा दिसला, पण फोटो पुसट आला. लेन्समध्ये दोष आहे का?" मागे एक बाई याच तक्रारीसाठी कॅमेरा परत घेऊन आल्या. कार्डावर दयाळाचे चाळीसेक फोटो होते. सगळे संध्याकाळचे, सगळे अगदी शेवटच्या टोकाच्या झूमवर आणि सगळे १/६० सेकंदाच्या शटरला (म्हणजे तेवढा वेळ प्रकाश आत घेऊन) घेतलेले. लेन्स ठणठणीत होती. तोच कॅमेरा १/५०० वर लावून आम्ही दारातूनच समोरच्या तारेवरच्या साळुंकीवर धरला, तर तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कातडीसुद्धा स्वच्छ उमटली. त्या दिवशी त्यांना तोंडी सांगितले, ते आता सगळ्यांसाठी लिहून देत आहोत.

एवढा झूम येतो कुठून?

या कॅमेऱ्यांचा पल्ला फार झपाट्याने वाढला. २०१२ साली कॅननचा एसएक्स ५० एचएस ५० पट झूम घेऊन आला, २०१५ मध्ये निकॉनच्या पी९०० ने ८३ पट गाठली आणि २०१८ मध्ये पी१००० ने १२५ पट. पी९०० चा पल्ला फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या) हिशेबात २००० मिमीपर्यंत सांगतात, पण त्याच्या लेन्सचे खरे फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते याचे माप) आहे ३५७ मिमी. उरलेली करामत सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची. या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा, क्षेत्रफळाने त्याच्या तीसपट. लहान सेन्सर समोरच्या दृश्याचा मधला इवलासा तुकडाच टिपतो, म्हणून पक्षी मोठा दिसतो. त्यामुळेच कॅमेरा हातात मावतो आणि खिशालाही झेपतो.

या सोयीची किंमत प्रकाशात मोजावी लागते. सेन्सर लहान, त्यातच झूम वाढवला की लेन्सही कमी प्रकाश आत सोडते. पी९०० वर कमीत कमी झूमला अ‍ॅपर्चर एफ २.८ असते, टोकाला एफ ६.५; हे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, आणि एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान. म्हणजे टोकाच्या झूमवर सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर पडणारा प्रकाश पाचव्या हिश्श्याहूनही कमी. मग ऑटोवरचा कॅमेरा शटर मंद करतो किंवा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) चढवतो. पहिल्याने फोटो हलतो, दुसऱ्याने पिसांचे बारकावे दाण्यांमध्ये हरवतात.

झूम वाढवण्याआधी अंतर कमी करा

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. त्याच फुल फ्रेमच्या हिशेबातल्या १२०० मिमीवर दहा मीटर अंतरावरची चौकट फक्त ३० सेंटिमीटर रुंद असते. चिमणी पंधरा-सोळा सेंटिमीटरची, म्हणजे ती अर्धी चौकट व्यापते. तीच चिमणी वीस मीटरवर गेली की चौकटीचा चौथा हिस्सा. पण ती सहा मीटरवर येऊन बसली तर १००० मिमीलाही चौकटीचा बराचसा भाग भरतो. झूम कमी लागला, म्हणून प्रकाश जास्त मिळाला, म्हणून शटर वेगवान ठेवता आले. शिवाय मधली हवा कमी झाली. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते तेव्हा लांबच्या पक्ष्याची कड वितळल्यासारखी दिसते, आणि त्यावर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही.

पण पक्ष्याच्या मागे धावून अंतर कमी होत नाही, तो उडतो. त्यालाच यावेसे वाटेल अशी जागा करा. पसरट, उथळ भांड्यात दोन-तीन बोटे पाणी ठेवा, रोज बदला आणि भांडे घासून घ्या. बसायच्या जागेपासून सहा-सात मीटरवर ते पुरेसे. त्याहून फार जवळ नको, कारण टोकाच्या झूमवर काही कॅमेऱ्यांना कमीत कमी अंतर लागते. पी९०० ला ते पाच मीटर आहे. तुमच्या मॉडेलचे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. भांड्याशेजारी एक वाळकी, वेडीवाकडी फांदी रोवा. आमच्या मते फोटोसाठी भांड्यापेक्षा ही फांदीच महत्त्वाची. बुलबुल सरळ पाण्यावर उतरत नाही. आधी फांदीवर बसतो, मान तिरकी करून खाली पाहतो, मागे पाहतो, शेपटी दोनदा हलवतो आणि मग उतरतो. ते पाच-सात सेकंद तुमचे. फांदीवर फोकस आधीच बसवलेला असेल तर बोट फक्त दाबायचे उरते. फांदीमागची झाडी जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ येते. भिंतीला चिकटून फांदी लावलीत तर भिंतीवरचे डागही फोटोत येतील.

बसायचे ते सूर्य पाठीशी घेऊन आणि शक्य तितके खाली. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर लेन्स आली की डोळ्यात प्रकाशाचा ठिपका दिसतो आणि पक्षी जिवंत वाटतो. सकाळचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले. खिडकीतून घेणार असाल तर काच उघडाच. तिरक्या काचेतून पूर्ण झूमवर घेतलेल्या फोटोत कडा दुहेरी येतात.

सेटिंग

डायल 'एस'वर (काही कॅमेऱ्यांवर 'टीव्ही') ठेवा, म्हणजे शटरचा वेग तुम्हाला ठरवता येतो. शांत बसलेल्या पक्ष्याला १/५०० पासून सुरुवात करा, चिमण्यांसारख्या चुळबुळ्या पक्ष्यांना १/१०००, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण तुमच्या हाताचे कापणे सावरते. पक्ष्याची मान वळली तर ते काही करू शकत नाही, आणि छोटे पक्षी सतत मान वळवत असतात. आयएसओ ऑटोला ८०० ची मर्यादा घाला. ४०० पर्यंत फोटो स्वच्छ येतात, ८०० चालवून घेता येतात, त्यापुढे पीस आणि पान यांत फरक कळेनासा होतो. प्रकाश इतका कमी असेल की हे जमतच नसेल, तर त्या वेळी कॅमेरा ठेवा आणि नुसते पक्षी पाहा.

अ‍ॅपर्चर लहान करून फोटो धारदार होतो हे मोठ्या कॅमेऱ्यांबाबत बरेचसे खरे आहे. इथे उलटे घडते. लहानशा सेन्सरवर एफ ८ ला प्रकाशलहरी पसरून तपशील धुवून जातात. अ‍ॅपर्चर शक्य तेवढे उघडेच असू द्या.

डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करा. तो फक्त फोटो कापून ताणतो, आणि ते काम घरी संगणकावर जास्त चांगले होते. फोकसचा चौकोन सगळ्यात लहान निवडून डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पक्ष्यापुढची काडी पकडतो. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे ०.७ वर न्या. काळ्या कोतवालाला अधिक ०.७ द्या.

चौकटीत पक्षी सापडत नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात तुमची चूक नाही. २००० मिमीला दृश्य जेमतेम एक अंश रुंद असते. कमी झूमवर आधी पक्षी मध्यभागी धरा, मग झूम वाढवत न्या. अनेक मॉडेलवर लेन्सच्या बाजूला क्षणभर झूम मागे घेणारे बटण असते. पक्षी हरवला की ते दाबा, सापडला की सोडा. फोटो मागच्या पडद्याकडे बघून घेऊ नका, व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. दोन हात आणि कपाळ असे तीन आधार मिळाले की थरथर लगेच कमी होते. कोपरे गुडघ्यांवर टेकवलीत तर ट्रायपॉडची गरजच फारशी पडत नाही. बर्स्टमध्ये (एकापाठोपाठ फोटो घेताना) बोट दाबून धरू नका. पाच-सात फोटो झाले की बरेच कॅमेरे ते कार्डावर लिहीत बसतात, आणि नेमका तेव्हाच पक्षी पंख उघडतो.

घरटे आढळले तर दूर राहा. फोटोसाठी आडव्या आलेल्या फांद्या बाजूला केल्या की पिल्ले ऊन आणि शिकारी पक्षी यांच्या तोंडी उघडी पडतात, आणि तुम्ही तिथे असेपर्यंत आई-बाप चारा घेऊन आत यायला धजत नाहीत. मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावणेही नको. विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून नर आपली हद्द राखायला धावतो आणि विनाकारण दमतो. घरट्याचे फोटो आम्ही ग्राहकांकडून आनंदाने पाहत नाही, हे स्पष्टच सांगतो.

एवढे करूनही फोटो पुसट आले तर कॅमेरा जरूर आणा. सोबत मूळ फोटो असलेले कार्डच आणा, मेसेजमधून पाठवलेली प्रत नको. मूळ फाइलमध्ये शटर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ यांची नोंद असते. पाठवताना ती बहुधा पुसली जाते आणि मग आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो. कार्डावरचे चार-पाच फोटो पाहिले की दोष लेन्सचा आहे की शटरचा वेग कमी पडतोय, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे सांगता येते.