‘बडे शहरों में…’ वक्तव्य

‘बडे शहरों में…’ वक्तव्य : मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री रावसाहेब रामराव ऊर्फ आर. आर. पाटील (१६ ऑगस्ट १९५७–१६ फेब्रुवारी २०१५) यांनी पत्रकारांशी बोलताना हिंदीतून केलेले विधान. मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना घडतात, असा त्याचा आशय. १ डिसेंबर २००८ रोजी पाटील यांनी राजीनामा दिला. ‘आबा’ या नावाने ते ज्या समाजात ओळखले जात, तिथे या विधानाची आठवण उर्वरित राज्यापेक्षा वेगळ्या रीतीने टिकून आहे. प्रस्तुत नोंदीचा रोख मुख्यतः विधानाच्या पाठावर आणि या आठवणीवर आहे.

पाठ : विधान नेमके कोणत्या शब्दांत झाले, याविषयी एकवाक्यता नाही. त्या दिवसांतील वृत्तांतांत ‘बडे शहरों में ऐसे एकाध हादसे होते रहते हैं’ याच्या जवळपासचा पाठ आढळतो. क्रियापद कुठे ‘हो जाते हैं’ असेही आहे. ‘बडे’ एकदा की दोनदा, यातही फरक दिसतो. इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘लहानसहान घटना’ असा अर्थ छापला आणि तो पुन्हा मराठीत येताना मूळ वाक्य आणखी दूर गेले. याउलट लोकांच्या तोंडी असलेला पाठ ‘बडे बडे शहरों में ऐसी छोटी छोटी बातें होती रहती हैं’ असा आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटातील सर्वांना पाठ असलेल्या संवादात ‘देशों’च्या जागी ‘शहरों’ घातले की तो जसाच्या तसा तयार होतो.

हे साम्य कसे आले, याचे दोन खुलासे दिले जातात. पाटील यांनी बोलण्याच्या ओघात तो संवादच उचलला, हा पहिला. दुसऱ्यानुसार त्यांनी केवळ त्या धाटणीचे वाक्य बोलले आणि ऐकणाऱ्यांच्या मनातील तयार साच्याने त्याला संवादाचे रूप दिले. निर्णायक पुरावा नसला तरी दुसरा खुलासा अधिक संभवनीय वाटतो. ‘एकाध’ आणि ‘हादसे’ हे शब्द संवादात नाहीत, पण लगेचच्या वृत्तांतांत आहेत. ‘छोटी छोटी बातें’चा पाठ मात्र पुढच्या काळातील उद्धरणांत आणि विनोदांत अधिक भेटतो. तथापि ‘एकाध हादसे’ हा पाठ खरा मानला तरी विधान सौम्य ठरत नाही. ‘छोटी’ हा शब्द वगळला, तरी ‘एकाध’ने तेच काम केले होते.

संदर्भ : हल्ला हे गुप्तवार्ता यंत्रणेचे आणि पोलिसांचे अपयश नाही काय, या रोखाच्या प्रश्नांना उत्तर देताना हे वाक्य आले. हल्लेखोरांचा बेत पाच हजार माणसे मारण्याचा होता, त्या मानाने हानी कमी झाली, असे पाटील त्याच ओघात म्हणाल्याचे वृत्तांत सांगतात. विधानाचा हा उत्तरार्ध पुढे बहुतेक ठिकाणी गळून गेला. समर्थक तो आवर्जून जोडतात आणि ते रास्तच आहे, कारण वाक्य कोणत्या युक्तिवादाचा भाग होते हे त्याशिवाय कळत नाही. पण त्या युक्तिवादाची वेळ भयंकर होती. मृतांचा आकडा पुढे १६६ वर स्थिरावला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे हे मृत्यू गृहमंत्र्यांच्या स्वतःच्या खात्यातले होते. ओंबळे यांनी हातात केवळ काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. ज्या खात्याने त्या रात्री असे काही केले होते, त्या खात्याच्या मंत्र्याच्या तोंडून ‘एकाध’ हा शब्द निघावा, ही बोच पोलीस कुटुंबांपुरती राहिली नाही.

त्याच आठवड्यात इतर नेत्यांच्या जिभाही घसरल्या होत्या. मेणबत्त्या घेऊन निषेध करणाऱ्या स्त्रियांविषयी भाजपचे नेते मुख्तार अब्बास नक्वी यांचे ‘लिपस्टिक-पावडर’चे उद्गार आणि याच हल्ल्यात लढताना मृत्यू पावलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या घराविषयी केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन यांचे विधान, ही दोन्ही तेव्हा तितकीच गाजली. महाराष्ट्रात ती आज फारशी कोणाला आठवत नाहीत. पाटील यांचे वाक्य टिकले, त्यात चित्रपटातील साच्याचा वाटा मोठा असावा.

राजीनामा : केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील ३० नोव्हेंबरला पायउतार झाले, दुसऱ्या दिवशी आर. आर. पाटील यांनी, आपण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून पद सोडत असल्याचे सांगून राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही त्याच आठवड्यात जावे लागले. आर. आर. पाटील यांचा राजीनामा विधानामुळे की सुरक्षेतील अपयशामुळे, यावर मतभेद आहेत. समर्थक ‘नैतिक जबाबदारी’वर भर देतात, टीकाकार त्यांच्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या दबावावर. दिल्लीतील राजीनाम्यानंतर राज्याच्या गृहमंत्र्याला पदावर राहणे अवघडच होते. विधानाने उरलीसुरली सवड संपवली, असे म्हणणे घटनाक्रमाशी अधिक जुळते. नोव्हेंबर २००९ मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले. मधल्या काळात हे खाते सांगली जिल्ह्यातीलच जयंत पाटील यांच्याकडे होते.

समर्थकांची आठवण : तासगाव तालुक्यातील अंजनी हे पाटील यांचे गाव. जिल्हा परिषदेतून वर आलेला, साधी राहणी असलेला, सभा जिंकणारा वक्ता ही त्यांची ओळख ग्रामविकास मंत्री असतानाच पक्की झाली होती. २००० साली सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि पुढे गृहमंत्रिपदाच्या काळातील महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम (२००७) ही दोन कामे गावोगावच्या लोकांनी प्रत्यक्ष केलेली होती. अभियानाच्या वेळी मंत्र्यानेही हातात खराटा घेतलेला लोकांनी पाहिला होता. विधानाचा बचाव करणाऱ्याच्या मनात ही पार्श्वभूमी असते, आणि ती ध्यानात न घेता त्या बचावाकडे निव्वळ पक्षनिष्ठा म्हणून पाहणे चुकीचे होईल.

बचावाचे तीन प्रकार सांगता येतात. ‘हिंदीने आबांचा घात केला’ हा सर्वांत प्रचलित. मराठीत हजारोंची सभा हलवणारा माणूस परक्या भाषेत, कॅमेऱ्यांच्या गराड्यात, दोन-तीन दिवसांच्या जागरणानंतर बोलत होता, असे हे म्हणणे. यात तथ्य आहे. हिंदीतील ‘हादसा’ला अपघाताची छटा आहे आणि मराठी बोलणाऱ्याला ती तितकीशी जाणवत नाही. परंतु वाक्य सरळ मराठीत ‘मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना घडतात’ असे केले, तरी ऐकणाऱ्याचे दुःख कमी होत नाही. म्हणून हा बचाव अर्धाच लागू पडतो. ‘बोलले, पण खुर्ची सोडली’ हा दुसरा प्रकार. त्यात राजीनामा चुकीचे परिमार्जन ठरतो, आणि जसजशी वर्षे जातात तसतसा हाच पुढे येताना दिसतो. ‘पोटात एक नि ओठांत एक नव्हते’ या धर्तीचा तिसरा प्रकार चुकीलाच सरळपणाची खूण मानतो. तो सहानुभूतीने समजून घेता येतो, पुरावा म्हणून घेता येत नाही.

या आठवणीत जे गळते तेही नोंदवले पाहिजे. जून २०१४ मध्ये विधान परिषदेत स्त्रियांवरील अत्याचारांविषयी बोलताना, घरटी एक पोलीस दिला तरी असे गुन्हे थांबणार नाहीत, अशा आशयाचे विधान पाटील यांनी केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात, बलात्काराचा गुन्हा दाखल असलेल्या एका विरोधी उमेदवाराचा उल्लेख करून, आमदार व्हायचे होते तर त्याने निवडणूक होईपर्यंत तरी थांबायचे होते, अशा अर्थाचे वाक्य ते बोलले. आपण उपरोधाने बोललो, असा खुलासा करून त्यांनी माफी मागितली आणि निवडणूक जिंकली. हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या भाषेतले, स्वतःच्या माणसांपुढचे होते. भाषेचा बचाव येथे उपलब्ध नाही. कदाचित म्हणूनच २००८ चे वाक्य समर्थक स्वतःहून काढतात, समजावून सांगतात, आणि २०१४ च्या वाक्यावर गप्प राहतात. स्त्रियांच्या दृष्टीने पाहता दुसरे अधिक गंभीर आहे, आणि त्याची चर्चा मात्र तुलनेने त्रोटकच राहिली.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, मुंबईत कर्करोगाने पाटील यांचे निधन झाले. तासगाव-कवठेमहांकाळच्या पोटनिवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षांनी उमेदवार दिले नाहीत. पत्नी सुमनताई पाटील निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये पुत्र रोहित पाटील. राज्य शासनाने स्मार्ट ग्राम योजनेला ‘आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव पुरस्कार योजना’ असे नाव दिले. मुंबईत त्यांचे नाव निघाले की आधी २००८ चे वाक्य निघते. तासगावकडे आधी ग्रामस्वच्छता अभियान.