घोडागाडीवरून होणारी गल्लत: आमिश आणि मेनोनाइट

आमिश आणि मेनोनाइट हे एकमेकांशी नाते असलेले दोन ख्रिस्ती पंथ. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात रस्त्याच्या कडेने घोडागाडी चाललेली दिसली की पर्यटक 'ते पाहा आमिश' म्हणून मोकळे होतात. गाडी करड्या रंगाची असेल तर त्यांचे बहुधा बरोबर असते. मात्र ती काळी असेल आणि आतल्या बाईच्या कपड्यावर बारीक फुलांची नक्षी असेल, तर ते कुटुंब जुन्या वळणाचे मेनोनाइट असण्याचा संभव अधिक. आमिश पुरुष लग्नानंतर दाढी राखतो आणि मिशी काढतो, तर तिथला जुन्या वळणाचा मेनोनाइट सहसा दाढीही ठेवत नाही. अर्थात रंगाची खूण त्या परगण्यापुरतीच खरी, कारण ओहायोत आमिशांच्या गाड्याही सर्रास काळ्या असतात.

दोघांचे मूळ एकच आहे. बाप्तिस्मा तान्हेपणी द्यायचा नसून समजत्या वयात स्वतःच्या निर्णयाने घ्यायचा, असे मानणाऱ्या काही तरुणांनी 1525 साली झुरिकमध्ये एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला आणि सत्तेचा रोष ओढवून घेतला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला 1527 मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले. मेनो सायमन्स या डच धर्मगुरूने 1536 मध्ये कॅथलिक चर्च सोडून या विखुरलेल्या लोकांना सावरले, म्हणून ते मेनोनाइट म्हणवले गेले. आमिश ही त्यांच्यातूनच 1693 मध्ये फुटलेली शाखा होय.

ही फूट यंत्रांवरून पडली नाही. तेव्हा सगळेच घोड्यावर अवलंबून होते. मंडळीने, म्हणजे स्थानिक धर्मसमुदायाने, बहिष्कृत केलेल्या माणसाला फक्त प्रभुभोजनापासून (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेतील विधीपासून) दूर ठेवायचे, की त्याच्यासोबत रोजचे जेवणही टाळायचे, हा वादाचा मुख्य मुद्दा होता, आणि ज्याच्या नावावरून आमिश हे नाव पडले तो धर्मपुढारी याकोब आमान दुसऱ्या, कडक मताचा होता. आपल्याकडच्या 'वाळीत टाकणे' या शब्दाला हे जवळचे असले तरी एक फरक लक्षात ठेवायला हवा: बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच जो तरुण निघून जातो त्याला हा नियम लागत नाही, वचन देऊन मोडणाऱ्यालाच लागतो. कडक मंडळींत अशा माणसाच्या हातून वस्तू घेत नाहीत. त्याने ती मेजावर ठेवायची आणि मग दुसऱ्याने उचलायची. काही घरांत दोन मेजांमध्ये बोटभर फट ठेवून वरून एकच चादर अंथरतात, म्हणजे नियमही पाळला जातो आणि घरचा मुलगा वेगळा बसल्यासारखाही दिसत नाही. मला या चादरीत आमिशांविषयी पुष्कळ काही सांगितलेले दिसते.

'त्यांना वीज पाप वाटते का?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही असेच बारकाव्याचे आहे. आक्षेप विजेपेक्षा बाहेरून घरात येणाऱ्या तारेला आहे, कारण ती घराला बाहेरच्या जगाशी कायमची जोडते; म्हणूनच गॅसवरचा फ्रिज किंवा दाबाच्या हवेवर चालणारी सुतारकामाची हत्यारे अनेक ठिकाणी चालतात, आणि टेलिफोन घरात नसून शेताच्या कडेच्या खोपटात असतो. कशाला मुभा द्यायची हे प्रत्येक मंडळी स्वतः ठरवते. आमिशांना प्रार्थनामंदिर नसते. बाकडी गाडीत घालून एका घरून दुसऱ्या घरी नेतात आणि एका रविवाराआड तिथेच उपासना होते. जुन्या वळणाचे मेनोनाइट मात्र साधे का होईना, सभागृह बांधतात.

मुले आठवीनंतर शाळेत का जात नाहीत, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1972 च्या निकालात आहे. धर्मश्रद्धेपोटी तशी मोकळीक त्याने मान्य केली. त्या खटल्यातील तीन वडिलांपैकी दोघे आमिश होते आणि तिसरा 'आमिश मेनोनाइट' नावाच्या मंडळीचा होता, त्यामुळे गल्लत करणाऱ्याला फार दोष देता येत नाही.

बहुसंख्य मेनोनाइट मात्र मोटार चालवतात, महाविद्यालयात शिकतात आणि वेशावरून ओळखूही येत नाहीत. युरोपातील शेवटची आमिश मंडळी 1937 मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली आणि आमिश आता जवळजवळ पूर्णपणे उत्तर अमेरिकेतच आहेत. मेनोनाइट मात्र इथिओपिया, काँगो आणि भारतातही मोठ्या संख्येने आढळतात. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातील धमतरीला त्यांचे अमेरिकन मिशनरी 1899 मध्येच, दुष्काळाच्या दिवसांत, येऊन पोहोचले होते, आणि त्यांनी उभारलेले रुग्णालय आजच्या छत्तीसगडमधील त्या गावात अजूनही चालू आहे.