डोळा शिवणं वेगळं, नजर आणणं वेगळं

‘ऑपरेशन झालं ना, मग त्याला दिसत का नाही?’ मुलाच्या डोळ्यात तार, पेन्सिलीचं टोक किंवा काचेचा तुकडा घुसून बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) फाटलं, की पहिल्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात घरचे हे विचारतातच. अशा जखमेत बहुतेकदा दोन ऑपरेशनं लागतात आणि दोघांचे हेतू पूर्णपणे वेगळे असतात, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. पहिलं डोळा वाचवण्यासाठी असतं, दुसरं नजरेसाठी. हा फरक कळला नाही तर पालक पहिल्यावर निराश होतात आणि दुसऱ्याला उशीर करतात. मोठ्या माणसाला अशा उशिराची भरपाई बऱ्याचदा करता येते, लहान मुलाच्या बाबतीत ती अवघड असते.

पहिलं ऑपरेशन बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. डोळ्याला भोक पडलंय अशी नुसती शंका आली तरी डोळा धुवायचा नाही, चोळायचा नाही, थेंब किंवा मलम घालायचं नाही, रुतलेली वस्तू उपसायची नाही. डोळ्याला न टेकणारं कडक कवच बाहेरून लावायचं, मुलाला काही खायला-प्यायला द्यायचं नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. (रसायन उडालं असेल तर नेमकं उलट: जागच्या जागी भरपूर पाण्यानं धुवायचं.) पूर्ण भूल देऊन, शक्यतो 24 तासांच्या आत, केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्यानं जखम शिवतात. बाहेर आलेला डोळ्याचा रंगीत भाग (आयरिस) आत ढकलतात किंवा खराब झाला असेल तर कापतात. शेवटी सर्जन एक गोष्ट तपासतो, टाक्यांतून पाणी झिरपतंय का. नाही झिरपलं, की काम झालं.

त्या दिवशी थिएटरच्या दाराशी ‘ऑपरेशन यशस्वी झालं’ एवढंच सांगून निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डोळा बंद झाला, आकार टिकला, जंतू आत शिरायची वाट मिटली, इतकाच त्या वाक्याचा अर्थ. पालक मात्र ‘आता दिसेल’ असं ऐकतात. आतलं भिंग फुटून पांढरं झालेलं (म्हणजे मोतीबिंदू) असू शकतं, आत रक्त साचलेलं असू शकतं, मागचा पडदा (रेटिना) सुटलेला असू शकतो. यातलं काहीही टाक्यांनी सुधारत नाही.

भूल, सूक्ष्मदर्शक, नंतरचे थेंब हे दोन्ही ऑपरेशनांत सारखंच असतं. दुसऱ्या वेळी सर्जन बदलला, म्हणजे पडद्याचा तज्ज्ञ आला, तर ‘पहिल्याला जमलं नाही’ असं समजू नये. ते कामच निराळं आहे.

मग सगळं एकदमच का करत नाहीत? पहिल्या रात्री बुबुळ सुजलेलं आणि धूसर असतं, त्यातून आतलं धड दिसत नाही. ताजा जखमी डोळा आतून सहज रक्तस्राव करतो. कृत्रिम भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची मापं घ्यावी लागतात, ती फाटलेल्या डोळ्यावर भरवशाची येत नाहीत. म्हणून आधी शिवायचं, सूज उतरू द्यायची, सोनोग्राफीनं आत पाहायचं आणि मग मोतीबिंदू किंवा पडद्याचं ऑपरेशन करायचं. पडदा सुटला असेल तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत. अपवाद आहेत: धातूचा कण आत अडकलाय, जंतुसंसर्ग झालाय किंवा फुटलेल्या भिंगाचा चोथा सगळीकडे पसरलाय, अशा वेळी पहिल्याच बैठकीत पुढचं काम करावं लागतं. पण ‘एकाच भुलीत सगळं उरकून टाका’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त नुकसान होतं तिथे येतो. ‘अजून लहान आहे, जरा मोठा होऊ द्या, मग दुसरं ऑपरेशन करू.’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि मुलाची नजर घालवतो.

पाहणं हे डोळ्याइतकंच मेंदूचं काम आहे, आणि ते मेंदू जन्मानंतर शिकतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे शिकणं चालू असतं, पहिल्या काही वर्षांत तर फारच वेगानं. या काळात एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र आलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो आणि सगळी जागा दुसऱ्या डोळ्याला देतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून हे दाखवलं. पापणी उघडल्यावर डोळा ठीक होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळपास प्रतिसादच देत नव्हत्या. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. त्या दोघांना 1981 साली नोबेल मिळालं. जखमेनंतर पांढरं पडलेलं भिंग लहान मुलात त्या शिवलेल्या पापणीचंच काम करतं. चाळिशीतल्या माणसाचा असा मोतीबिंदू वर्षभरानं काढला आणि पडदा चांगला असला, तर त्याला दिसतं. दोन वर्षांच्या मुलाचा वर्षभरानं काढला तर डोळा आरपार स्वच्छ असेल, तरीही नीट दिसणार नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणून मूल जितकं लहान, तितकी दुसऱ्या ऑपरेशनची घाई जास्त. पडद्याच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: मुलांच्या डोळ्यात व्रणाची जाळी फार जोरात तयार होते आणि सुटलेल्या पडद्याला ओढत राहते.

ऑपरेशनसुद्धा मोठ्यांसारखं नसतं. मुलांत भिंगामागची पातळ पिशवी हमखास पुन्हा पांढरी होते. मोठ्या माणसाला त्यासाठी नंतर बसल्या-बसल्या लेझर करता येतं. लहानगा तसा स्थिर बसत नाही, म्हणून त्याच वेळी पिशवीला मागून भोक पाडून जवळचा जेलीसारखा द्रवही काढतात. आणि लेन्स बसवली म्हणजे चष्मा सुटला, हा समज तर सोडूनच द्या. डोळा वाढणारा आहे, नंबर बदलत राहणार. कृत्रिम भिंग जवळ-लांब आपोआप जुळवून घेत नाही. बुबुळावरच्या व्रणानं वाकडंतिकडं दिसत असेल तर कडक कॉन्टॅक्ट लेन्सही लागू शकते.

इथवर येऊन पुष्कळ घरं थांबतात. दुसरं ऑपरेशन डोळ्यातली वाट मोकळी करतं, पण त्या डोळ्यानं पाहायला मेंदूला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर लावायची! जखमी डोळ्यावर पहिल्या दिवसांत संरक्षक कवच असतं, म्हणून पुढची पट्टीही त्याच डोळ्यावर चढवली जाते. असं केलं तर आळशी डोळा आणखी आळशी होतो. रोज किती तास हे डॉक्टर ठरवतात, कारण चांगला डोळा जास्त झाकला तर त्याचीही नजर उतरू शकते. मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, हे महिनोन्महिने चालतं. माझ्या मते हा भाग दोन्ही ऑपरेशनांपेक्षा कठीण आहे, आणि त्याची तयारी पहिल्याच दिवशी करून द्यायला हवी.

डोळा फारच चिरडला असेल तर ‘काढूनच टाका’ म्हणणारे भेटतात. शिवणं मुळीच शक्य नसेल तरच ते पहिल्या दिवशी करावं. प्रकाशही न कळणाऱ्या काही डोळ्यांत शिवल्यावर थोडी नजर परतते. नंतर काढण्याचा विचार होतो तो वेदनेमुळे, किंवा क्वचित होणाऱ्या सिंपथेटिक ऑप्थॅल्मियाच्या भीतीनं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही हल्ला करते. ब्रेल लिपी तयार करणारा लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कार्यशाळेतल्या हत्यारानं त्याचा एक डोळा गेला आणि पाठोपाठ दुसराही. त्याच्या बाबतीत हेच झालं असावं, असं अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. आज स्टेरॉइड आणि तशा औषधांनी हा आजार बराच आटोक्यात येतो, मात्र तो लवकर ओळखावा लागतो. म्हणून जखमेनंतर कित्येक महिन्यांनीसुद्धा चांगला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. जखमी डोळ्याची नजर फारशी आली नाही, तर चांगल्या डोळ्याला नंबर नसला तरी मुलाला पॉलिकार्बोनेटच्या (सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या) काचांचा चष्मा कायम घालायला लावा, खेळताना तर नक्कीच.