पिस्तूल झाडून अंतराळात किती पुढे जाता येतं?

काउबॉय बीबॉप ही जपानी अ‍ॅनिमे सिरीज १९९८ मध्ये आली. एकूण २६ भाग, आणि सगळ्याला जॅझचा बाज असल्यामुळे भागांना म्हणतात 'सेशन'. गोष्ट २०७१ सालची. स्पाइक, जेट, फे ही मंडळी बीबॉप नावाच्या खटारा जहाजातून सूर्यमालाभर हिंडतात, फरार गुन्हेगार पकडून द्यायचे आणि मिळेल त्या इनामावर पोट भरायचं, आणि बहुतेक वेळा इनाम हातचं जातं नि ताटात नुसती ढोबळी मिरची उरते. मला ही सिरीज मनापासून आवडते आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे इथल्या जहाजांना वजन आहे. जे हलतंय ते आपोआप थांबत नाही, आणि थांबवायचं तर इंधन जाळावंच लागतं.

सातव्या सेशनमध्ये स्पाइक स्पेससूट न घालता उघड्या अंतराळात झेप घेतो आणि पिस्तुलाची गोळी झाडून त्या झटक्यावर स्वतःला ढकलतो. पहिल्यांदा बघताना वाटतं की काहीतरीच काय! पण जरा हिशोब मांडून बघू.

आधी पिस्तूल. हवा नसताना ते चालेल का, तर हो चालेल, कारण दारूला जळायला लागणारा ऑक्सिजन काडतुसाच्या आतच रसायनांमध्ये असतो, बाहेरच्या हवेची गरजच नाही. मग झटका किती? साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली आणि स्पाइकचं वजन ७० किलो धरलं, तर त्याला उलट दिशेला वेग मिळतो सेकंदाला ४ सेंटिमीटर. बस्स, एवढाच. १० मीटरवरच्या दारापर्यंत जायला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांच्या वर.

आणि चार मिनिटं त्याच्याकडे नाहीत. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लब्लांक नावाचा तंत्रज्ञ स्पेससूटची चाचणी करत होता आणि सूटला हवा देणारी नळीच निसटली, तर साधारण १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला. लगेच हवा आत सोडली म्हणून वाचला. त्याला शेवटचं काय आठवत होतं माहितीये? जिभेवरची लाळ बुडबुडत होती. आपण घरी कुकर लावतो तेव्हा दाब वाढवून पाण्याला शंभराच्या पुढे उकळायला लावतो ना, त्याच्या बरोब्बर उलट: दाब पार गेला की अंगाच्या ३७ अंशांवरच पाणी उकळायला लागतं. रक्त मात्र असं उकळत नाही, कारण रक्तवाहिन्या त्याला दाबून धरतात. माणूस फुगतो पण फुटत नाही आणि लगेच गोठतही नाही, कारण उष्णता ओढून न्यायला भोवती हवाच नाही, थर्मासमधला चहा गरम राहतो तसंच काहीसं. श्वास रोखून धरणं मात्र सगळ्यात घातक, आतली हवा पसरून फुफ्फुसं फाटतात, म्हणून उडी मारायच्या आधी श्वास सोडूनच द्यायचा.

म्हणजे हातात १०-१५ सेकंद, आणि एका गोळीवर तेवढ्या वेळात जेमतेम अर्धा मीटर! मग खरं काम कोण करतं? पाय. जहाजाला पाय रेटून सेकंदाला २ मीटर वेग सहज घेता येतो, म्हणजे एकदम ५० गोळ्यांचा झटका, आणि ते १० मीटर ५ सेकंदांत संपतात. गोळीचा उपयोग फक्त नेम थोडासा चुकला तर किंचित सरकायला. त्यातही एक गोम आहे. हात लांब करून खांद्याच्या उंचीवर गोळी झाडली तर झटका शरीराच्या मध्यातून जात नाही आणि माणूस हळूहळू गिरक्या घ्यायला लागतो. पिस्तूल पोटाशी धरायला हवं.

हे कोणी करून पाहिलंय का? हो, आणि तेही खरोखर! ३ जून १९६५ ला नासाच्या जेमिनी ४ यानातून बाहेर पडलेल्या अंतराळवीर एड व्हाइटच्या हातात गॅस सोडणारी एक 'गन' होती, ती फवारत तो इकडेतिकडे सरकला, पण थोड्याच वेळात तिचा गॅस संपला. पुढे १९८४ मध्ये अंतराळवीर ब्रूस मॅककँडलेस पाठीवर नायट्रोजन फवारून ढकलणारे २४ छोटे थ्रस्टर घेऊन दोरीशिवाय तरंगला, आणि ते थ्रस्टर असे बसवलेले होते की हवं तेव्हा नुसतं सरकता यावं आणि हवं तेव्हा नुसतं वळता यावं.

बीबॉप जहाजात वजन जाणवावं म्हणून असलेलं फिरतं चाकही बरोबर आहे, फक्त आकार छोटा वाटतो. त्रिज्या १० मीटर धरली तर पृथ्वीइतकं वजन वाटायला मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात आणि तेव्हा डोक्यापाशी गुरुत्व पायापेक्षा १७ टक्के कमी. मान पटकन वळवली तरी गरगरेल.

आता एकोणिसावं सेशन, माझ्या सगळ्यात जवळचं. स्पाइकच्या स्वोर्डफिशचं, म्हणजे त्याच्या छोट्या यानाचं, इंधन संपतं, ती पृथ्वीकडे खेचली जाते, आणि त्याला वाचवायला वाळवंटातून कोण उडतं, तर नासाचं जुनं कोलंबिया स्पेस शटल! कक्षेतून खाली येताना वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि तापते, सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना गरम होतं तशीच, पण हजारो अंश. म्हणून शटलच्या पोटाला सिलिकाच्या टाइल्स होत्या, आत बहुतेक सगळी पोकळीच. भट्टीतून नुकती काढलेली, आतून लालबुंद टाइल कडांना धरून नुसत्या हातात घेता येते, इतक्या हळू ती उष्णता देते. नाकाला आणि पंखांच्या पुढच्या कडेला मात्र त्याहून सोसणारं कार्बनचं कवच.

हे सेशन १९९९ चं. तोवर आपली कर्नालची कल्पना चावला याच कोलंबियातून १९९७ मध्ये एकदा जाऊन आली होती. दुसऱ्यांदा गेली १६ जानेवारी २००३ ला. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या त्याच कडेवर आदळला, आणि १ फेब्रुवारीला परतताना तिथून तापलेली हवा आत शिरली. सातही जण गेले.

सेशनमधली कोलंबिया वाळूत घसरत घसरत थांबते आणि आतली माणसं चालत बाहेर येतात. तो भाग मी दर वेळी पुन्हा मागे घेऊन बघते.