खोदाईआधी पावसाळी लाईनचा कॅमेरा सर्व्हे: अर्ज कोणी करायचा, कागद काय लागतात

परवानगीच्या अटींमध्ये कुठेतरी खाली एक ओळ असते, काम सुरू करण्यापूर्वी लगतच्या पर्जन्यजल वाहिनीची सीसीटीव्ही तपासणी करून अहवाल सादर करावा. ही ओळ बहुतेक जण वाचतात ती पोकलेन साईटवर येऊन उभा राहिल्यावर. मग कुणालातरी फोन करून घाईघाईत कॅमेरा मारून घेतात, पेनड्राईव्ह जमा करतात, आणि आठ दिवसांनी फाईल परत येते. माझीही आली होती. व्हिडिओ एकदम क्लिअर होता पण ड्रॉइंगवर मॅनहोलला एक नंबर आणि व्हिडिओत दुसराच, त्यामुळे ती नेमकी कुठली लाईन हेच ऑफिसला कळेना आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

हा सर्व्हे का मागतात ते आधी समजून घ्या, म्हणजे कागदांची लिस्ट आपोआप लक्षात राहते. पायलिंग म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणं झालं, शेजारी खोल खड्डा घेतला, लाईनवरून जड क्रेन गेली, की खालचा पाईप तडकू शकतो, जॉइंट सरकू शकतो. नंतर पहिल्या मोठ्या पावसात रस्ता खचला की भांडण सुरू, पाईप आधीच फुटलेला होता की तुमच्या कामाने फुटला? आधीचा व्हिडिओ असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो, नसेल तर साधारणपणे शेवटी हात लावणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणजे हा व्हिडिओ ऑफिसपेक्षा तुमच्याच जास्त कामाचा आहे.

अर्ज कोणी करायचा

जागामालक, डेव्हलपर, त्यांनी लेखी अधिकार दिलेला कॉन्ट्रॅक्टर किंवा कन्सल्टंट, आणि केबल, गॅस, पाण्याच्या लाईन टाकणाऱ्या एजन्सी, यापैकी कोणीही. कॅमेरावाला स्वतः सहसा अर्जदार नसतो, तो फक्त तपासणी करून देतो. अर्ज जातो लाईन ज्याच्या मालकीची त्याच्याकडे, आणि इथेच पहिला घोळ होतो कारण रस्ता एकाचा आणि खालची गटारलाईन दुसऱ्याची असं अगदी कॉमन आहे. शिवाय लाईन फक्त पावसाच्या पाण्याची आहे की सांडपाणीही त्यातच येतं हे रेकॉर्डवरून आधी बघून घ्या, मिश्र लाईन असेल तर विभाग बदलू शकतो आणि सेफ्टीच्या अटीही जास्त कडक होतात.

कागद

अर्जासोबत जागेचा मालकी हक्काचा पुरावा किंवा कामाची वर्क ऑर्डर, अर्जदार मालक नसेल तर अधिकारपत्र, आणि साईट प्लॅन. या प्लॅनवर आपलं बांधकाम कुठे, लाईन कुठे, दोघांमधलं अंतर किती, मॅनहोलचे ऑफिसच्या रेकॉर्डमधलेच नंबर, पाईपचा व्यास, मटेरियल, इनव्हर्ट लेव्हल म्हणजे पाईपच्या आतल्या तळाची पातळी आणि पाण्याची दिशा एवढं सगळं पाहिजे. स्वतःच्या सोयीने एमएच-१, एमएच-२ असे नंबर टाकू नका, टाकलेच तर बाजूला मूळ नंबर लिहा.

त्यानंतर काम कसं करणार याचं मेथड स्टेटमेंट, ऑपरेटरचं सर्टिफिकेट, इन्शुरन्स, आणि मॅनहोल रस्त्यात असेल तर ट्रॅफिक वळवण्याचा प्लॅन. जेटिंग म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन धुणार असाल तर पाणी कुठून घेणार आणि निघालेला गाळ कुठे टाकणार तेही लिहावं लागतं. हा गाळ पुढच्या मॅनहोलला अडवून बाहेर काढायचा असतो, पुढे ढकलून द्यायचा नसतो, तो शेवटी आउटफॉलला, म्हणजे लाईन जिथे उघडते त्या तोंडाला, जाऊन नदीनाल्यातच पडतो.

सेफ्टीचा कागद लोक कॉपी पेस्ट करतात, ते करू नका. कॅमेऱ्याचा सगळा फायदाच हा की माणूस खाली उतरत नाही, पण झाकण उघडून वर उभं राहणाऱ्यालाही धोका असतोच. गॅस मीटर लावून ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये आहे ना, हायड्रोजन सल्फाईड आणि पेट घेणारा वायू नाही ना, हे बघून त्याची नोंद ठेवायची. पावसाळी लाईन आहे, त्यात कसला आलाय गॅस असं म्हणणारे भेटतात, पण साचलेला कुजका गाळ आणि कुणीतरी गुपचूप जोडलेलं सांडपाण्याचं कनेक्शन असलं की तीही तितकीच वाईट.

प्रत्यक्ष सर्व्हे

लहान व्यासाच्या जोडण्यांना हाताने ढकलायचा पुश रॉड कॅमेरा, साधारण १५० मिमीपासून वरच्या लाईनला चाकांवर चालणारा क्रॉलर, त्याचं डोकं चारी बाजूंना फिरणारं पाहिजे. दिवस कोरडा निवडा. पाईपमध्ये पाव भागापेक्षा जास्त पाणी असेल तर बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट घेत नाहीत, कारण खरी झीज तळालाच असते आणि तळ पाण्याखाली जातो. लाईन कायम भरलेलीच राहत असेल तर सोनार म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणारं यंत्र लावतात, पण सोनारला गाळाची पातळी आणि पाईपचा आकार कळतो, बारीक तडा दिसत नाही.

सुरुवातीला स्क्रीनवर तारीख, जागा, दोन्ही मॅनहोलचे नंबर, व्यास, मटेरियल आणि प्रवाहाच्या दिशेने की उलट हे आलंच पाहिजे. मीटरचा काउंटर शून्य कुठे केला, मॅनहोलच्या मध्यावर की पाईपच्या तोंडाशी, हे रिपोर्टमध्ये लिहून घ्या. ही गोष्ट फालतू वाटते, पण काम झाल्यावरच्या व्हिडिओत दुसऱ्या ऑपरेटरने शून्य वेगळ्या जागी घेतला तर सगळे तडे अर्धा-पाऊण मीटर सरकलेले दिसतात आणि जुना तडा नवा वाटतो. वेगाचंही तसंच. पीएसीपी या अमेरिकन तपासणी पद्धतीने केलेल्या कामात मिनिटाला ३० फूट, म्हणजे ९ मीटरच्या आसपास, यापेक्षा जोरात पळवायचा नाही असा नियम बहुतेक अटींमध्ये असतो, आणि प्रत्येक दोषापाशी थांबून डोकं फिरवून दाखवायचं.

दोषाची जागा घड्याळाप्रमाणे सांगतात, १२ म्हणजे पाईपचा माथा, ६ म्हणजे तळ. दोषांना ठरलेले कोड असतात. ब्रिटनच्या डब्ल्यूआरसी या पाणी संशोधन संस्थेने १९८० मध्ये असं मॅन्युअल काढलं, युरोपात ईएन १३५०८-२ हे मानक आहे, अमेरिकेत नॅस्को या गटारलाईन क्षेत्रातल्या संघटनेचं पीएसीपी, त्यात १ ते ५ ग्रेड आणि ५ सगळ्यात वाईट. तुमच्या ऑफिसला यातला कुठला चालतो ते अर्जाआधीच विचारा, एका पद्धतीत केलेला रिपोर्ट दुसऱ्यात बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

मध्येच मुळं किंवा ढिगारा लागून क्रॉलर अडकला तर सर्व्हे तिथे अर्धवट असं नोंदवून दुसऱ्या मॅनहोलमधून उलट यायचं. तरीही मधला तुकडा राहिलाच तर तो रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, लपवलेला तुकडा नंतर तुमच्याच अंगावर येतो.

जमा करताना न कापलेला मूळ व्हिडिओ, प्रत्येक मॅनहोल ते मॅनहोल वेगळी फाईल, दोषांचे फोटो, कोड लिहिलेला लॉग आणि मार्क केलेला प्लॅन द्यायचा. ग्रेड ४ किंवा ५ चा दोष निघाला तर घाबरू नका, काम सुरू करण्याआधी तो लाईनच्या मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दुरुस्ती कोणाची हे मग त्या पत्रावरून ठरतं.

आडवं ड्रिलिंग करून केबल किंवा गॅस लाईन टाकणाऱ्यांनी फक्त आधीच्या व्हिडिओवर थांबू नये. ड्रिल न कळत गटाराच्या पाईपमधून आरपार जातं, नवी लाईन त्यातून ओवली जाते, पाणी तिच्या आजूबाजूने वाहत राहतं म्हणून बरेच महिने कुणाला पत्ताच लागत नाही. मग कधीतरी कचरा अडकतो आणि कुणीतरी तुंबलेलं काढायला फिरती तार घालतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे १९७६ मध्ये असंच झालं, गटाराच्या पाईपमधून गेलेली प्लास्टिकची गॅस लाईन साफसफाई करताना फुटली, गॅस गटारातून घरात शिरला आणि स्फोटात दोघे गेले. म्हणून अशा कामात नंतरचा सर्व्हे आधीच्या इतकाच सक्तीचा समजा, आणि मेन लाईनसोबत घरांच्या जोडण्यांचाही करा.

काम संपल्यावर त्याच मॅनहोलपासून, त्याच दिशेने, शून्य त्याच जागी घेऊन दुसरा व्हिडिओ काढायचा आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र जोडून परवानगीसाठी भरलेलं डिपॉझिट परत मागायचा अर्ज टाकायचा. डिपॉझिट मिळालं तरी मूळ फाईल्स डिलीट करू नका, डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी तुमच्यावर असण्याची मुदत संपेपर्यंत दोन वेगळ्या ड्राईव्हवर ठेवा.