फोन टॅपिंग आणि पेगासस: एकच नव्हे

"इथं नको, व्हॉट्सॲपवर कॉल कर." राजकारणात किंवा पत्रकारितेत वावरणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सारखं असतं. टॅपिंग चुकवायचं असेल तर सल्ला ठीक आहे. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपुढे त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्या बोलण्यात मात्र दोन्ही सरसकट 'फोन टॅपिंग'च.

टॅपिंग होतं ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत, तुमच्या हँडसेटला कुणी हात लावत नाही. त्यामागे गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेली शिस्त २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांत नियम ४१९-अ म्हणून आली. आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे नाही. कंपनीत या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याने दोन तासांत पोच द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी तपास यंत्रणेकडे परत पाठवून विचारायचं: हे सगळे तुमचेच ना? २०२४ मध्ये नवे नियम आले, पण चौकट साधारण तीच.

ही व्यवस्था फार सोवळी आहे असं नाही. हे आदेश तपासणाऱ्या आढावा समितीत सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. तरी कागद राहतो, आणि तो पाहिलेला सरकारबाहेरचा एक माणूसही राहतो.

पेगासस थेट फोनमध्ये शिरतं. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल यायचा, तो उचलला नाही तरी काम फत्ते. अशा सुमारे १,४०० फोनांवर हल्ला झाल्याचं व्हॉट्सॲपने सांगितलं. ज्यांना तसा इशारा मिळाला, त्यांत नागपूरचे एक वकीलही होते. मेसेज कितीही एन्क्रिप्टेड असो, तुम्ही तो ज्या स्क्रीनवर वाचता तीच दुसऱ्याच्या ताब्यात असते. शिवाय माइक आणि कॅमेरा. इथे मोबाइल कंपनीला पत्ताच नसतो, त्यामुळे कुणी कुणाला पोच देत नाही.

कंपनीच्या नैतिकतेचा प्रश्नही इथेच वेगळा होतो. मोबाइल कंपनी टॅपिंग विकत नाही. परवान्याच्या अटीत ते आहे, नाही म्हणायची सोय नाही. पेगासस बनवणारी इस्रायलची एनएसओ मात्र गिऱ्हाईक निवडते. तिचं म्हणणं: आम्ही फक्त सरकारांना विकतो, तेही इस्रायली संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याने, पुढचं ज्याचं त्याने पाहावं. सुरी विकणाऱ्याची ही सबब एरवी खपून गेली असती. पण व्हॉट्सॲपने अमेरिकेत भरलेल्या खटल्याची कागदपत्रं २०२४ मध्ये उघड झाली. गिऱ्हाइकाने फक्त नंबर टाकायचा, बाकी सगळं कंपनीची यंत्रणा करते, असं त्यांत आहे. म्हणजे सुरी विकून दुकानदार घरी गेला नव्हता, वार करायलाही तोच होता. त्याच डिसेंबरमध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं.

भारतात पेगाससच्या आरोपांची चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं, ते पेगाससच होतं का हे ठरवता आलं नाही. टॅपिंग असतं तर निदान आदेशाची फाइल मागवता आली असती. इथे विचारायचं ते थेट सरकारलाच, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर कोर्टात सांगितलं.